निसटेल ते आपलं

पंप पहाटे तीनला बंद पडला
आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.
मी तेव्हा कॉफीत साखर ढवळत होतो.
पाण्याने धुऊन निघायचा तो अमोनिया
न धुता पुढे गेला, थेट त्या पोकळ तंतूंवर,
केसाएवढे बारीक, एकेका नळकांड्यात हजारोंनी,
आणि तीन दिवसांत ते तंतू
कोणालाच नाही म्हणेनासे झाले.

हॉलिस बेडासीने समजावलं होतं मला, नवीन होतो तेव्हा,
पॉइंट लिसासच्या उकाड्यात, हेल्मेट काखेत धरून:
"दार बंद कोणालाच नसतं इथे.
हायड्रोजन अंगाने लहान, तो पाझरतो भिंतीतून लगेच.
नायट्रोजनही येईल, आर्गॉनही येईल, मिथेनसुद्धा,
पण त्यांना वेळ लागतो
आणि आपण त्यांच्यासाठी थांबत नाही.
एवढंच. बाकी सगळं प्लंबिंग."
पाझरलेला हायड्रोजन परत फेऱ्यात,
अमोनिया व्हायला पुन्हा एकदा,
मागे राहिलेले जाळायला.

टँटी युलाला हे मुळीच पटलं नव्हतं.
कार्ली बेच्या किनाऱ्यावर उलट्या बादलीवर बसून
ती जाळं सांधत होती, दोरा दातात.
"माझ्या जाळ्यात राहील तो मासा,
निसटेल तो समुद्राचा.
तुमच्याकडे निसटेल ते तुमचं?
आणि राहिलेला मोठा मासा चुलीत?"
हो, म्हटलं.
हसता हसता तिच्या दातातला दोरा सुटला.
"इतका शिकलास, आणि हे शिकलास!"

तर त्या तीन रात्री.
नळकांडी बंद, वायू सगळा ज्वाळेकडे.
एरवी बोटभर असते ती, निळसर, लाजरी,
आता माडाएवढी झाली, भगभगत,
गल्फभर तांबूस उजेड सांडला.
तिसऱ्या रात्री मी मनोऱ्यावर चढलो, व्हॉल्व्ह बघायला,
आणि वरून दिसली
पिरोग. दिवा नाही. इंजिन बंद.
वीस माणसं असतील, जास्तही,
एकमेकांच्या गुडघ्यात गुडघे घालून बसलेली,
पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेली.
एका बाईने डोळ्यांवर हात धरला होता,
आमच्या उजेडाकडे बघत.
एक पोरगं हात हलवत होतं. आईने तो खाली दाबला.

तटरक्षकांची बोट उत्तरेला होती, फार लांब नाही.
मला दिसले, म्हणजे त्यांनाही दिसणार होते.

मी रेडिओ उचलला आणि तसाच धरून उभा राहिलो.
काय बोलणार होतो?
ज्वाळा खाली घ्या, असं म्हणता येत नाही कोणाला,
वायू कुठे तरी जायलाच हवा.
व्हॉल्व्ह ठीक होता. तो मी दोनदा तपासला,
मग तिसऱ्यांदा, उगाचच.

दुसऱ्या दिवशी जुनी नळकांडी काढली.
हॉलिसने एक कापून दाखवलं:
पिवळट, ठिसूळ, म्हातारीच्या विंचरलेल्या केसांसारखा पुंजका,
चिमटीत घेतला की पीठ.
"बिचारे," तो म्हणाला,
आणि मग पंपाच्या बिलावर सही करायला गेला.
नवीन बसवली. दाब हळूहळू चढवत नेला,
घाई केली तर फाटतात.
रात्री दहाला पाझरलेल्या वायूची शुद्धता पडद्यावर आली,
अठ्ठ्याण्णवच्या खाली जाईना.
बाहेर ज्वाळा उतरली, उतरली, बोटभर झाली,
आणि गल्फ पुन्हा काळा.

नोंदवहीत मी लिहिलं: पंप बदलला,
तंतू बदलले, हायड्रोजन परत फेऱ्यात.
पिरोगचं लिहायला रकाना नव्हता.

शनिवारी टँटीकडे गेलो.
तिच्याकडे बर्फ फोडायला एक नवा मुलगा होता,
येफ्रेन, चौदा-पंधराचा, इंग्रजी दोन शब्दांचं.
कुठून आला, मी विचारलं नाही.
टँटीने जाळ्याचा एक घर मोठा ठेवला होता,
सांधायचा राहिला, म्हणाली.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो.
तिने मला मासा वाढला.